ओल्या रुईवरचा ठसा

चाचा,

घाटंजीच्या खरेदी केंद्रावर सकाळपासून कापसाच्या गाड्या उभ्या आहेत, आभाळ भरून आलं आहे, आणि त्या गाड्या थांबवल्यात माझ्या नातीने. तेही इथं कळंबला, आमच्या स्वयंपाकघरात पाटावर बसून. माझा हात लांब आहे असं तुम्ही सरकी काढायच्या त्या जिनात सगळ्यांना सांगायचे. आता बघा, नातीचा किती लांब निघाला.

मी बोलते आहे आणि तीच वहीत लिहून घेते आहे. मला अक्षर येत नाही हे तुम्हाला ठाऊक आहे. मेल्यावर माणूस विसरत असेल तर पुन्हा सांगितलं. मी 'मले' म्हणते, ती 'मला' लिहिते. शिकलेल्या माणसाला दुसऱ्याचं लुगडंसुद्धा इस्त्री करावंसं वाटतं. तिच्या कम्प्युटरचं काम आपोआप चाललेलं, तिला नुसतं बघत बसायचं होतं. म्हटलं, नुसती बसू नको, लिही. "कोणाला?" म्हटलं, जिनातल्या मुकादमाला. "ते तं तुया जवानीतच मेले ना आजी?" म्हटलं, "मंग? तुया साहेबापेक्षा बरं आयकतीन."

तिचं काम तुम्हाला समजेल, कारण ते तुमचंच आहे. तुम्ही रुई दाबून घ्यायचे, पट्ट्या आवळायचे, गठाणीवर जिनाचा ठसा मारून ती परगावी धाडायचे. ही कम्प्युटरचे प्रोग्राम तसेच बांधते. प्रत्येक केंद्रावर सर्व्हर म्हणून एक मोठं मशीन असतं, लिनक्सवर चालणारं. प्रोग्राम कुठं उसवला की ही त्याला ठिगळ लावते, सगळं एका पॅकेजात बांधते, सोबत लागणाऱ्या सामानाची यादी जोडते आणि वर आपली गुप्त सही उमटवते. सही नसेल तर सर्व्हर पॅकेज आत घेत नाही. सही असेल तर मात्र काही विचारत नाही, डोळे मिटून घेतो. तिथंच तर सगळी भीती आहे.

नवीन पॅकेज आधी एकाच केंद्राला देतात. या खेपेला घाटंजी. यादीत एका सामानाचं नाव राहून गेलं. हिच्या मशीनवर ते सामान आधीपासून पडलेलं, म्हणून इथं सगळं छान चाललं. तिथं नव्हतं. आपल्या घरात मीठ आहे म्हणून पाहुणीला रिकाम्या घरी भाजी रांधायला धाडल्यासारखं झालं. आज काट्यावर गाडी चढते, वजन दिसतं, पण पावतीच निघत नाही, आणि पावतीशिवाय गाडी खाली होत नाही. कापसाचे दिवस तसेही वाईट चाललेत, चाचा. वेचून घरी ठेवला तरी माणसाला झोप नाही, बाजारात नेला तरी नाही. त्यात आता वरून पाणी पडलं तर उघड्या गाड्यांतला माल पिवळा पडेल.

साहेबाचा फोन आला तेव्हा मी तुरीची डाळ पाखडत होते. तो इतका जोरात बोलत होता की फोनची गरज नव्हती. "घाटंजीच्या ऑपरेटर बाईनं काहीतरी चुकीचं दाबलं असं लिहून देऊ. कंत्राटी आहे, दुसरी मिळेल." नात म्हणाली, "हो सर." माझं सूप हातातच राहिलं.

मग ती कामाला लागली. मशीनच्या आत म्हणे एक रिकामी खोली उघडता येते. तिथं काही म्हणजे काही नसतं, यादीत आहे तेवढंच आत न्यायचं आणि तेवढ्यात पॅकेज बांधून दाखवायचं. नियमच आहे तो. काल घाईत तिनं तो पाळला नव्हता. आज पाळते आहे, पण त्याला वेळ लागतो, आणि एक वाजता आमच्याकडची लाइट जाते. ती घड्याळाकडे बघते, मी खिडकीतून आभाळाकडे.

पॅकेजला एक नोंद चिकटलेली असते. काय बदललं, कोणी बदललं, का. जुनी ओळ खोडायची नाही, वर नवीन लिहायची. तिनं काय लिहिलं ते मी वाचायला लावलं. "किरकोळ दुरुस्ती."

"गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली अन् किरकोळ?"

"आजी, ते कोणी वाचत नाही."

"मले तं वाचताच येत नाही, तरी आयकलं ना म्या."

ती चिडली. म्हणाली, तुले काय समजते. म्हणून चाचा, तुमची गोष्ट सांगावी लागली.

मी नवी होते तेव्हा तुम्ही माझा हात धरून रुईच्या ढिगात कोपरापर्यंत खुपसला होता. "ऊपर की रुई सबकी अच्छी दिखती, बेटी. आत गार लागली तर ओली समजायची. आधी हात घाल, मग ठसा." बायकांच्या हाती ठशाचा ब्रश देत नसत, तुम्ही दिला. म्हणाले, हिला अक्षर येत नाही ना, मग ही ठशात खोटं लिहिणार नाही. सगळे हसले होते. मीही हसले.

तो शुक्रवार. तुम्ही नमाजला गेलेले. ट्रक फाटकात उभा, मुनीम पायऱ्यांवरून ओरडतो आहे, बाईच्या हातात काम दिलं की असंच होतं म्हणतो आहे. शेवटचा ढीग दाबायचा राहिलेला. मी हात न घालताच दाबायला सांगते आणि गठाणीवर ठसा मारते. काळा, स्वच्छ, एकही थेंब न ओघळता.

काही दिवसांनी गिरणीतून ती गठाण परत येते. आतली रुई पिवळी पडलेली, वास मारते आहे. मालक अंगणात सगळ्यांना उभं करतो. "ठसा किसने मारा?" मी पदर तोंडाशी धरून उभी आहे. तुम्ही पुढं येता. "मुकादम मैं हूँ." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तुमच्या हातात झाडू. मला एका शब्दानं विचारलं नाही. जिनाचा ठसा बदलला तेव्हा अक्षरं कापलेला जुना पत्रा मला आणून दिला. "घे बेटी, दूध झाकायला होईल."

अजून दूधच झाकते त्यानं. आतली अक्षरं काय आहेत ते मी कोणालाच वाचू दिलं नाही.

इथवर लिहिलं आणि पोरीनं पेन ठेवलं. मशीनकडे गेली. बांधून झालं होतं, रिकाम्या खोलीत चालून पाहिलं होतं. नोंदीतली ओळ अजून धाडलेली नव्हती, ती तिनं बदलली आणि मला न विचारता मोठ्यानं वाचली. "सामानाच्या यादीत एक नाव मी विसरले. रिकाम्या खोलीत तपासलं नव्हतं. चूक माझी, केंद्रावरच्या कोणाची नाही." मग सही उमटवली, पॅकेज धाडलं, आणि घाटंजीच्या बाईला फोन लावला. तिकडून आधी नुसता कालवा. मग ती बाई ओरडली, "निघाली वं ताई, पावती निघाली! सरकून राह्यल्या गाड्या!" लाइट त्यानंतर गेली. साहेबाचा पुढचा फोन अजून यायचा आहे. तो काय म्हणेल ते म्हणेल. नोकरी राहील की जाईल, आम्हा दोघींनाही माहीत नाही.

पोरगी पुन्हा वही घेऊन बसली. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "आजी, तूही घाईत होती, मीही घाईत होती. आपलं सारखंच झालं." मला समजावते आहे, बघा.

सारखं नाही, चाचा. मघाशी लिहायला सांगितलं त्यातलं एक चुकीचं आहे. ती ते खोडायला निघाली होती. म्हटलं, खोडू नको, तुमच्या नोंदीत खोडत नाहीत ना? नवीन ओळ लिही. हा कागद कुठं धाडायचा नाही, दुधाच्या पत्र्याखाली राहील. पण लिही.

मी हात घातला होता. कोपरापर्यंत, तुम्ही शिकवला तसा. आत गार लागलं होतं.