पालथी ताटं

पपा, परवा सिडनीत पुन्हा धूळ आली. तुम्ही पाहिली होती तेवढी नाही. आभाळ नुसतं पिवळट झालं, समोरची घरं पुसट दिसायला लागली आणि दातांखाली कचकच आली. बातम्यांत सांगत होते, आतल्या भागात पाऊस नाही, रानं उघडी पडलीत, वारा सुटला की तिकडची माती इकडे येते. मी खिडक्या लावल्या, दाराच्या फटीला ओला टॉवेल दाबला आणि जेवायची ताटं टेबलावर पालथी मांडली. तुमची नात म्हणाली, "ममा, व्हाय आर दे अपसाइड डाउन?" मी म्हटलं, "आजोबांना विचार." बोलून गेले आणि मग जीभ चावली.

तुम्ही कुवेतहून सुट्टीवर वसईला आलात की पहिल्या जेवणाला हेच करायचात. आई वैतागायची, "पालथं ताट काय मांडता? इथे कुठली वाळू आलीय?" तुम्ही ओशाळून ताट सुलटं करायचात. दोन वर्षांतून महिनाभर येणाऱ्या माणसाशी काय बोलावं, मला कळायचं नाही. चॉकलेट घ्यायचे, "थँक्यू पपा" म्हणायचे आणि पळायचे. तुम्ही मला पाहुणेच वाटायचात.

मग ती लाल सकाळ. आई गेल्यानंतर तुम्ही पहिल्यांदाच इथे सिडनीत, पेंडल हिलला माझ्याकडे आला होतात. मी वेस्टमीड हॉस्पिटलच्या लॅबमध्ये शिफ्टला निघाले, दार उघडलं, तर गाडी, कुंपण, दोरीवरचे कपडे, सगळं गेरूत बुडवून काढलेलं. माझी पाचावर धारण बसली. तुम्ही मात्र लुंगीवरच बाहेर आलात, हवा हुंगलीत आणि चक्क हसलात.

"अगं, हे तर आपल्या ओळखीचं! कुवेतला याला तोझ म्हणतात. टॉवेल ओले कर."

"पपा, शिफ्ट आहे माझी."

"रस्ता दिसेना आणि म्हणे शिफ्ट! फोन कर."

मैत्रिणीने शिफ्ट बदलून दिली आणि तुम्ही दिवसभर बोलत राहिलात. एकदा वादळात कुवेतचा विमानतळ बंद पडला आणि सुट्टीला निघालेले तुम्ही बॅगेवर डोकं ठेवून झोपलात, ते त्या दिवशी कळलं. त्या वर्षी तुम्ही नाताळनंतर आलात म्हणून मी रुसले होते, तेही तुमच्या लक्षात होतं. दुपारी शेजारची म्हातारी आमची चौकशी करायला आली, तुम्ही टेबलावर पालथी मांडलेली ताटं बघून म्हणाली, "माय नॅन डिड एग्झॅक्टली दॅट!" तिच्या आजीचं शेत गव्हाच्या मुलखात. दुष्काळाच्या वर्षांत भर दिवसा दिवे लावावे लागत आणि वाढेपर्यंत ताटं पालथीच ठेवत. तुमचं मोडकं इंग्रजी, तिला मराठीचा गंध नाही, तरी धुळीवर तुमच्या गप्पा कशा रंगल्या! मी चहा करत राहिले आणि मनात म्हणत होते, हा माणूस इतका बोलका आहे आणि मला माहीतच नाही. त्या दिवशी तुम्ही माझे पपा झालात, पपा. उशिरा, पण झालात.

तुम्ही गेलात तेव्हा कोरोनामुळे सीमा बंद होत्या. मी तुमचं दफन मोबाइलवर पाहिलं. एकेक जण पुढे होऊन शवपेटीवर मूठभर माती टाकत होता आणि माझा हात इथे रिकामा. ते मला अजून सलतं. म्हणून परवा वादळ शमल्यावर खिडकीच्या कठड्यावरची धूळ बोटाने गोळा केली. मूठभर कुठली, चिमूटभर निघाली. रिकाम्या मसाल्याच्या डबीत भरली. नाताळला वसईला येणार आहे, तेव्हा तुमच्या कबरीवर टाकीन आणि राहिलेलं पुरं करीन, असं ठरवलं होतं.

एक सांगते, रागावू नका. बॅग भरायला घेतली तरी डबी मी बॅगेत ठेवलेली नाही. ती ताटांच्या शेजारी मांडणीवर आहे. टाकली की तुम्ही खरंच गेलात, असं होईल, आणि तेवढं माझ्याने व्हायचं नाही.