पहिल्या गिअरचा ठोका

गाबेस, मंगळवार
(पत्राला बसलो तेव्हा शनिवार होता)

आदरणीय मामा,

तुमच्यावर शांती असो आणि मामीवर थोडी जास्तच असो. तिला ती का लागेल, ते पुढे येईलच. हे पत्र मी तीन आठवडे टाळलं. आधी शाई नव्हती, शाई आली तर धीर नव्हता, आणि दोन्ही एकाच दिवशी जमले तेव्हा भाड्याची गाडी चालवणारा हमादी मासे धरायला निघाला होता. त्याला एकट्याला कसं जाऊ द्यायचं? तुमचे गुडघे कसे आहेत? सफाक्सच्या दमट हवेत ठणकत असतील तर ऑलिव्हचं तेल कोमट करून चोळा. जलीलाताईची चार पोरं मामीला जगू देतात ना? राफिकाचे लग्नाचे कपडे शिवून झाले का? इकडे मी ठीक, डाळिंबाचं झाड ठीक, कोंबड्या ठीक (एक सोडून, पण तिचं वयच झालं होतं). गाडीही ठीक आहे. म्हणजे दिसायला.

लेकीकडे सफाक्सला जाताना तुम्ही किल्ली माझ्या तळहातावर ठेवून म्हणालात, "मुन्जी, दर शुक्रवारी दहा मिनिटं चालू करायची आणि बंद करायची. बस." मामा, चोवीस वर्षांत कोणी विश्वासाने माझ्या हातात ठेवलेली ही पहिली किल्ली. शाळेने मला आठवीत वाटेला लावलं, तोझरच्या खजुराच्या वखारीने दोन महिन्यांत, आणि जेरबाच्या न्हाव्याने एका कानानंतर (कान शाबूत आहे, गिऱ्हाईकच हळवं होतं). म्हणून ठरवलं, ही गाडी नुसती सांभाळायची नाही, चकचकीत करायची. आपल्या घरातली प्रत्येक नवरी याच गाडीतून सासरी गेली आणि येत्या रविवारी राफिकाही जाणार. पहिल्या शुक्रवारी मी ती आतून-बाहेरून धुतली, बॉनेट उघडून इंजिनही रॉकेलने पुसलं. दुसऱ्या शुक्रवारी चालू केली आणि जराशी फाटकाबाहेर काढली (जराशी म्हणजे मेदनीनपर्यंत, पाऊणशे किलोमीटर, रस्ता चांगला होता), तर पहिला गिअर पडताच पायाखालून ठोका आला: धाड्! जणू आत कोणी कोंडलंय आणि त्याला बाहेर यायचंय.

कहवाखान्यात विचारलं. आवाज कसा येतो म्हणाले, मी तोंडाने काढून दाखवला. हमादीने डोळे मिटून ऐकलं आणि निकाल दिला, "शॉकअ‍ॅब्सॉर्बर गेला." नूरी वाणी उसळला, "तुझं डोकं गेलं! हा बॉल जॉइंट आहे. मुन्जी, काढ रे पुन्हा." मी पुन्हा काढला. दोन तट पडले, आणि दोन्हीकडचे माझ्यावरच उलटले: "लेका, दर वेळी वेगळा काढतोस, आम्ही काय पकडायचं?" शेवटी नूरी म्हणाला, मी डिकीत झोपून ऐकतो, तू खड्ड्यांतून घे. त्याला डिकीत बंद केलं आणि बंदराकडे निघालो. तिथे नेमके अंडं घालून घडी केलेले कुरकुरीत ब्रिक तळत होते. दोन खाल्ले. केरकेन्ना बेटावरच्या एका नावाड्याशी बोलणं निघालं, त्याला गडी हवा होता, मला समुद्र आवडतो, तास गेला. परत आलो तर इंजिन बंद असतानाही गाडीतून ठोके येत होते. दोष हाताबाहेर गेला म्हणून मला घामच फुटला. मग नूरी आठवला. (तो आता बोलत नाही. उधारीचं तर नावच नको.)

हमादीच्या सांगण्यावरून पुढचे दोन्ही शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलले. ठोका होता तसाच. तेव्हा बुरावीकाकांकडे गेलो, रेल्वेच्या कारखान्यात दोन्ही कान गमावलेल्या त्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे. मी आवाज काढायला तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने मिटवलं. लांब पेचकशाचं टोक इंजिनाला लावलं, मूठ दातांत धरली (ते आता दातांनीच ऐकतात) आणि मला ब्रेक दाबून गिअर टाकायची खूण केली. मी क्लच सोडू लागलो तसं इंजिन बसल्या उंटासारखं एका बाजूने उठलं आणि धाड् करून खाली बसलं. काका गाडीखाली सरकले, चाचपलं, बाहेर आले आणि बहिऱ्यांच्या आवाजात, म्हणजे अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, म्हणाले, "इथली चप्पल कुठे गेली?"

मामा, इंजिनाखालचं डाव्या बाजूचं रबर अठरा वर्षांपूर्वीच फाटलंय म्हणे, आणि तुम्ही आणि काकांनी मिळून तिथे तुमची डावी चप्पल ठासली होती. (आणि तुम्ही प्रत्येक लग्नात सांगता, माझ्या गाडीला मेकॅनिकचा हात लागलेला नाही! काळजी नको. हे फक्त बुरावीकाका, त्यांची गल्ली आणि कहवाखाना यांनाच माहीत आहे.) मग मला आठवलं. इंजिन पुसताना एक काळंकुट्ट चामडं मध्येच अडकलेलं दिसलं होतं. मांजराने आणलं असेल असं समजून मी ते पहारीने उपटलं आणि समुद्रात भिरकावलं. लांब गेलं म्हणून खूशही झालो. तीन आठवडे मी गावभर आवाज काढत हिंडलो, पण ही एक गोष्ट कोणाला सांगितली नाही, कारण ती सांगण्यासारखी आहे हेच सुचलं नाही.

ते रबर आता कुठेच मिळत नाही. भंगारवालेही पालथे घातले. टायरचा तुकडा लावला, तर स्टीअरिंगला हिवताप भरला. माझी चप्पल घातली, ती मशिदीपर्यंत टिकली. काका म्हणतात, रविवारी अशीच काढलीत तर इंजिन उडी मारून रेडिएटर फोडेल आणि नवरी वाफेत सासरी जाईल. हवी तर किल्ली काढून घ्या, मामा. फक्त राफिकाला एवढ्यात सांगू नका.

तुमचा, सध्या अनवाणी,
मुन्जी

ता. क. गुडघ्यांचं तेल विसरू नका.

ता. क. दुसरा. खरं काम हे. काका म्हणतात, त्याच जोडीची लागेल; तसा तळ शिवणारा मात्माताचा चांभार आता हयात नाही. त्या जोडीतली उजवी कुठे आहे ते मला ठाऊक आहे. मामीच्या स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला असायची तीच. सहाव्या वर्षापासून माझी पाठ तिला ओळखते. आम्हा पोरांना वाटायचं, मामीने ती एकटीच विकत आणली असावी. चार नातू आहेत म्हटल्यावर ती सफाक्सलाही नेली असणार. गुरुवारी हमादीची सफाक्सची खेप आहे, त्याच्याबरोबर गुपचूप पाठवा. मामीला यातलं काही कळू देऊ नका.

ता. क. तिसरा. नूरीच्या दुकानात टेलिफोन आहे, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. आत्ता दारात भाड्याची गाडी थांबली आणि मामी उतरली. एकटीच आहे, आणि हातात ती चप्पल आहे. फाटकातून आत आलं की डावीकडे गाडी आणि उजवीकडे मी.

मामी उजवीकडे वळली आहे.