उजव्या चाकावरचा ओठ न मुडपण्याबाबत

प्रति,
मा. वाहन तपासणी अधिकारी,
टॅमरॅक काउंटी वाहन तपासणी केंद्र,
एल्क फोर्क रस्ता.

विषय : शेव्हेल गाडीचा उजवा मागचा टायर घासतो, त्यास तसेच घासू देण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आपली दि. ९ मे २००९ ची नोटीस.
२) आपले तपासनीस श्री. टीग यांनी त्याच दिवशी तोंडी काढलेले उद्गार.

महोदय,

१. मी, अर्लीन हुडाक, राहणार चर्च हिल, कै. लड्विक हुडाक यांची पत्नी, आपणांस सादर विनंती करते की, आमची १९७० सालची हिरवी शेव्हेल आपल्या केंद्रात नापास झाली आहे. मागचे टायर मूळ मापापेक्षा रुंद आहेत आणि उजवा टायर मडगार्डाला घासतो. सबब मडगार्डाची आत वळलेली पत्र्याची कड, जिला गॅरेजवाले 'ओठ' म्हणतात, ती महिनाअखेर मुडपून सपाट करावी किंवा जुने अरुंद टायर चढवावेत, अन्यथा नंबरप्लेट जमा करावी, असा आपला हुकूम आहे. टायर घासतो हे मला मान्य आहे. त्याबद्दल वाद नाही. त्याला घासू द्यावे, एवढ्यासाठीच हा अर्ज आहे.

२. रुंद टायर ही माझ्या यजमानांची जन्माची हौस. आमच्या खोऱ्यात पुरुषमाणसांना दुसरी हौस नाही. पुढची चाकं बारीक हवीत, मागची जाड, आणि गाडी मांजरासारखी दबा धरून बसलेली दिसायला हवी. मी म्हणायची, "म्हातारपणी गाडीला एवढं ढुंगण कशाला?" ते म्हणायचे, "तुझं मी काही बोलतो का? मग तिचं का बोलतेस?" शब्दांबद्दल क्षमा असावी. आमच्या घरी असंच बोलणं होतं.

३. आमच्याकडे मागच्या टायरचे माप रिकाम्या गाडीवर कधी घेत नाहीत. शेजारच्या, म्हणजे उजव्या सीटवर (स्टीअरिंग डावीकडे) माणूस बसवतात, गाडी भाराने खाली येते आणि मग टायर आणि पत्रा यांच्यात किती जागा उरली ते बघतात. ज्याला कोणी नाही तो वाळूची पोती ठेवतो. लड्विकला मी होते. अंगणातून हाक यायची, "अर्लीन, ये गं, गाडीत बस!" मी बटाट्याच्या पुरणाने भरलेले हात पदराला, म्हणजे एप्रनला, पुसत जायची आणि बसायची. तो खाली उताणा पडून गुणगुणायचा :

पुढची चाकं काटकुळी,
मागची घाला गुबगुबीत,
शेजारी बसली आमची बाई,
आता गाडी बसली नीट.

डावा ओठ त्याने स्वतः मुडपला. टायर आणि पत्रा यांच्यामध्ये गिरणीच्या संघातली त्याची बेसबॉलची बॅट घातली. त्याचे मित्र श्री. ओर्व्हिल त्काच, गॅरेजवाले, यांनी मागून गाडी हळूहळू ढकलली. बॅट लाटण्यासारखी फिरत गेली आणि पत्रा रंगाला तडा न जाता आत वळला. मी सीटवर होते. "उद्या उजवा," तो म्हणाला. त्या रात्री बर्फ पडायला लागलं. मग त्याची छाती धरली. बर्फ वितळलं तेव्हा तो नव्हता. उजवा ओठ तसाच उघडा राहिला.

४. त्याची इच्छा राहू नये म्हणून मी त्काच यांच्याकडून रुंद टायर बसवून घेतले. या वेळी स्टीअरिंगवर मी होते, आणि शेजारची सीट रिकामी. रिवाज आम्हा दोघांनाही आठवला नाही. वाकून बघत त्काच म्हणाले, "बोटभर जागा आहे. बिनधास्त जा." पहिल्याच रविवारी चर्चहून परतताना खाणीच्या वळणावर गाडी डावीकडे वळली आणि मागून उजवीकडून आवाज आला. खर्र. सकाळी पहिला शब्द बोलण्याआधी लड्विक घसा खाकरायचा, तसा. पुढचा शब्द मात्र आला नाही. मी गाडी बाजूला घेऊन बराच वेळ वाट पाहिली.

५. वरील प्रकाराची शहानिशा मी केलेली आहे. त्काच यांनी गाडी जॅकवर घेतली आणि हसायला लागले. "भूतबित काही नाही गं. उजवी स्प्रिंग चेपलीय. इतकी वर्षं तूच बसलीस ना त्या बाजूला? हे तुझंच वजन आहे!" त्यांनी नवी स्प्रिंग घातली. वळणावर पुन्हा खर्र. मग ते स्वतः शेजारी बसले. ते चांगले भरभक्कम गृहस्थ आहेत. आवाज वाढायला हवा होता. पण वळण सरलं तरी टायरने ब्र काढला नाही. पुन्हा मला एकटीला पाठवलं आणि ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले, तर खर्र. त्यानंतर त्यांनी थट्टा केली नाही. टोपी काढून एवढंच म्हणाले, "जागा धरून बसलाय. मी बसलो तेव्हा उठला असेल बिचारा."

महोदय, मला त्याचा उलगडा असा होतो : मी त्याच्या जागी बसले, म्हणून तो माझ्या जागी बसला. कोणीतरी वजन व्हायलाच हवं.

६. अरुंद टायर लावून पाहावेत, हा आपला पर्यायही मी आजमावला आहे. गाडी वळणावरून निमूट गेली. घरातली घड्याळं बंद पडावीत तशी ती शांतता होती. मी अर्ध्या वाटेवरून परत फिरले आणि त्काच यांनी रुंद टायर पुन्हा चढवले.

७. आता संदर्भ क्र. २ विषयी. तपासणीच्या दिवशी गाडी श्री. टीग चालवून आले. मी दारापाशी, कॉफीच्या यंत्राजवळ उभी होते. ते उतरले, मागच्या चाकाशी उकिडवे बसले, बॅटरीचा झोत आत टाकला आणि मान वर न करता मला म्हणाले, "बाई, माप घ्यायचंय. तुमच्या यजमानांना जरा खाली उतरायला सांगा." मग त्यांनी वर पाहिलं. सीट रिकामी होती. ते उठले, रुमालाने हात पुसले, पुसलेले हात पुन्हा पुसले. मला यजमान होते, हे मी त्यांना सांगितलेलं नव्हतं. श्री. टीग यांच्याविषयी माझी तक्रार नाही. उलट, त्यांनी काही पाहिलं असेल तर यजमान कसे दिसत होते, एवढंच मला खासगीत सांगावं.

मग मी त्यांना खाणीच्या वळणावरच्या आवाजाचं सांगितलं. मी निघताना ते म्हणाले, "टायरवर चर पडलाय. एक दिवस त्याच वळणावर फुटेल, आणि आवाज ऐकायला तुम्हीच उरणार नाही." ते खरं आहे. प्रत्येक खाकरण्याबरोबर टायर झिजतो. बोलून बोलून तो संपतो आहे, हे मला दिसतं.

८. तरी, ओठ मुडपण्याच्या हुकुमातून मला सूट मिळावी. ओठ मुडपला की मुकं होणं आलं. मी लिहून देण्यास तयार आहे की, गाडी फक्त रविवारी आणि फक्त त्या वळणापर्यंत नेईन, सावकाश नेईन, शेजारी कोणाला बसवणार नाही, आणि माझे यजमान मला कोणतीही इजा करणार नाहीत. शेवटच्या बाबतीत साक्षीदार म्हणून लग्नाची सगळी वर्षं उभी आहेत.

९. सूट देणं कायद्यात बसत नसेल, तर तेही मी समजू शकते. वाटेत दुसऱ्यांचीही माणसं असतात. त्यांच्यावर फुटका टायर घालणं लड्विकलाही आवडणार नाही. अशा वेळी एवढी विनंती मान्य व्हावी : पत्रा यंत्राने दाबू नये. आमच्या अंगणात, त्याच्याच बॅटने, श्री. त्काच यांच्या हातून काम व्हावं आणि श्री. टीग यांनी समोर उभं राहून पाहावं. गाडी मागून ढकलावी. मी उजव्या सीटवर बसेन, नेहमी बसायची तशी. स्टीअरिंगची जागा कृपया रिकामी ठेवावी. मी माझ्या जागी गेले, की त्याला त्याच्या जागी जाता येईल. बॅट फिरताना ओठातून जो काय शेवटचा शब्द निघेल, तो मी ऐकून घेईन, आणि मग गाडी नीट बसेल.

कळावे. आपल्या होकाराची किंवा नकाराची, जे येईल त्याची, खिडकीशी वाट पाहणारी,

आपली नम्र,
अर्लीन हुडाक
चर्च हिल, दि. १८ मे २००९

सोबत :
१) नोटिशीची प्रत.
२) श्री. त्काच यांचे सहीचे निवेदन. (शेवटचे वाक्य त्यांनी खोडले आहे, तरी वाचता येते.)
३) उजव्या मडगार्डाखालून गोळा केलेला रबराचा चुरा, पाकिटात. तपासून झाल्यावर परत मिळावा.