सुनंदानं कढई चढवायची

१५ ऑक्टो., बुध.
शाळेला सुट्ट्या लागल्या. गल्लीभर तळणाचा वास. ओवी सकाळपासून मागे, आपल्या चकल्या कधी? मामंजी, सगळ्यांचे अण्णा, पितृपक्षाच्या आधी गेले. सासूबाईंचं पालुपद एकच : लेक येऊन कढई चढवील तेव्हा सण, तोवर घरात तळण नाही. मान्य. पण लेकीला सांगणार कोण? अर्थात मीच. नणंदबाईंना, सुनंदाला, फोन केला.
"येते की वैनी, कापूस वेचायलेत इथं."
बरं.

१७, शुक्र.
सुनंदा नाही आली. फोनही उचलत नाही. ह्यांना म्हटलं, देवगाव फाट्याला जाऊन घेऊन या बहिणीला. म्हणे, येईल, तिला कळत नाही का! या घरात प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला कळतंय.
विकतच्या चकल्या आणू का, म्हणून सा.बां.ना विचारलं. "आण की, मी न्हाई म्हणले का?" आणि रात्री जेवल्याच नाहीत. आणलेली पिशवी शेजारच्या काकूंकडं ठेवून आले. डोकं फिरायची वेळ आलीय.

२०, सोम.
पहाटे उटणं, अंघोळी. नंतर ताटात पोहे. समर्थ म्हणाला, "पोहे तर रोजच असतेत." पाच वर्षांचं लेकरू, चूक काय बोललं? तरी त्याच्यावरच खेकसले. मग दोघांना काकूंकडं पाठवलं. जिन्यात बसून चकल्या खाऊन आले, तोंड पुसून, चोरासारखे. दिवाळी अशी खायची?

२३, गुरु., भाऊबीज
आली एकदाची, दुपारच्या एसटीनं. मी भांडायच्याच तयारीत. पीठ मळलेलं, तेल काढलेलं. बाईसाहेब स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसल्या, आत पाऊल टाकेनात. म्हटलं, सुनंदा, लेकरं आठ दिवसांपासून वाट बघायलीत गं.
खाली बघून म्हणाली, "मी कढई चढवली म्हणजे अण्णा खरंच गेले, असंच होईल ना वैनी? म्हणून पायच उचलंना माझा."
इतके दिवस साठवलेला राग, आता तो घेऊन मी कुठं जाऊ? सा.बा. देवघरातून उठल्याच नाहीत. त्यांनीही ऐकलं असणार.
ओवी आत्याला चिकटून बसली. हळूच म्हणाली, "आत्या, उद्या करू. उद्या पण सुट्टी आहे मला."
सुनंदानं तिला जवळ घेतलं. सकाळच्या गाडीनं परत जाणार म्हणत होती. तिची पिशवी अजून दाराशीच आहे.