प्रेमलता बी.ए., हल्ली कालिंदी

रविवार, ६ सप्टेंबर १९७०

आज उगाचच १९३८ सालची ट्राम आठवली. बालीगंजहून धरमतल्ल्याला चाललो होतो, आम्ही दोघंच. लग्नाला तीन आठवडे झालेले. कागदाच्या पुडीत भाजलेले शेंगदाणे. सालं माझ्या ओंजळीत, दाणे दोघांच्या तोंडात. ह्यांनी हाक मारली, "कालिंदी." मी खिडकीबाहेर पाहत राहिले. पुन्हा "कालिंदी." मला वाटलं, पुढच्या बाकावर कोणी कालिंदी असेल. ह्यांनी कोपराने ढोसलं तेव्हा लक्षात आलं, ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं ते नाव माझंच. म्हटलं, अजून सवय झाली नाही. हे म्हणाले, "मलाही."

आठवणी पुरेत. कॉन्व्हेंटमध्ये शिकवलं होतं, आधी तारीख, मग मुद्दा.

मुद्दा: हे २८ फेब्रुवारीला रिटायर होणार. फ्लॅट ज्यूट कंपनीचा, तो सोडावा लागणार. सरलाने पुण्यात तिच्या शेजारचाच ब्लॉक आमच्यासाठी बघून ठेवला आहे. लेक म्हणून तिचं कौतुक आहे, पण मला कोणी विचारलं? बत्तीस वर्षं इथे काढली. पुण्यात मला भाजीवालासुद्धा ओळखत नाही.

आणि आजच पेपरात जाहिरात. आर्थिक कायद्याचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. दोन वर्षं, संध्याकाळचे वर्ग, कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतील. वयाची अट दिलेली नाही. म्हणजे माझ्यासारख्यांचीच वाट पाहत असणार.

जेवताना जाहीर केलं. ह्यांनी आमटीचा भुरका मारला आणि म्हणाले, "तुला अ‍ॅडमिशन मिळाली तर दोन वर्षं इथेच राहू. भाड्याने दोन खोल्या घेऊ. शब्द देतो." इतक्या सहज दिला की अपमानच वाटला. तरी नोंद करते: शब्द दिला आहे.

कलकत्ता सुटू नये म्हणून मी हे करते आहे, असं कोणी समजू नये. आर्थिक कायद्याची मला पहिल्यापासून आवड आहे.

सोमवार, ७ सप्टेंबर

वेळापत्रक केलं. पहाटे पाच ते सात वाचन. सात ते आठ टिपणं. दुपारी उजळणी. लाल रेघ, निळी रेघ. मक्तेदारीविरुद्धच्या नव्या कायद्यावरचं जाड पुस्तक आणलं. ५१२ पानं. रोज वीस म्हणजे महिन्याभरात फडशा.

मंगळवार, ८ सप्टेंबर, सकाळी ८.४०

आत्ता उठले. काल वेळापत्रक करण्यात फार श्रम झाले. पाच ही वेळ मुळात अव्यवहार्य होती. नवीन वेळापत्रक करते.

बुधवार, २३ सप्टेंबर

अर्ज द्यायला विद्यापीठात गेले. 'पालकाची सही' असा रकाना. वय त्रेपन्न, आईवडील केव्हाच गेले. 'स्वतः' लिहून सही ठोकली.

तिथल्या ऑफिसातले हाराधनबाबू मला मासिमा, म्हणजे मावशी, म्हणतात. त्यांच्यापेक्षा मी फार तर आठ वर्षांनी मोठी असेन, पण ते असो. पदवी प्रेमलता गणेश राजाध्यक्ष हिची, मुंबई, १९३७. अर्ज कालिंदी वागळे हिचा. आडनाव बदललं ते त्यांना समजलं. पण नाव? "नाम की दोष करेछे, मासिमा?" म्हणजे नावाने काय गुन्हा केला होता? मी समजावून सांगितलं, आमच्यात लग्नात नवरा तांदळात नवं नाव लिहितो. ते ऐकत राहिले. मग विचारलं, तुम्हाला विचारत नाहीत? म्हटलं, नाही. मग म्हणाले, आणि तुम्ही ओ देता?

हा प्रश्न अप्रस्तुत होता.

अर्जावर लाल शाईत लिहिलं, 'दोन व्यक्ती.' वर म्हणाले, चेष्टा करून, मासिमा, चेष्टा करून. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न आणि 'करून' म्हणजे करा, हे मला बत्तीस वर्षं माहीत आहे. तरी टोचतं. घरी नवरा मराठीतली करतो, ऑफिसात मी बंगालीतली करायची.

बुधवार, १४ ऑक्टोबर

पूजेच्या सुट्टीत बराच अभ्यास झाला. पान १७.

कायदा नुसता वाचून उपयोग नाही, वापरला पाहिजे. गडियाहाटचा दुकानदार साबणाची वडी घेतल्याशिवाय साखर देत नाही. त्याला इंग्रजीत सांगितलं, ही निर्बंधक व्यापारी प्रथा आहे. चार गिऱ्हाईकं माझ्या बाजूने थांबली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. तेव्हापासून साबणाबरोबरही साखर देत नाही.

शेजारच्या बुलूदींकडून वाटीभर आणली. त्या म्हणाल्या, "दीदी, परीक्षा होईपर्यंत कायदा घरातच ठेवा."

बुधवार, ११ नोव्हेंबर

प्रेमलता आणि कालिंदी एकच, असं नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. हे अर्धा दिवस रजा काढून अलिपूर कोर्टात गेले. स्वतःहून. काहीतरी डाव असणार.

संध्याकाळी कागद हातात दिला. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टाने आपल्या समजुतीप्रमाणे टाइप केलं होतं: मी, दत्तात्रय वागळे, शपथेवर लिहून देतो की मला प्रेमलता व कालिंदी अशा दोन पत्नी असून पहिली बी.ए. आहे.

म्हटलं, अहो, वाचलं नाहीत? म्हणाले, "वाचलं की. खोटं काय त्यात? एक शिकलेली होती, ती मुंबईलाच राहिली. दुसरी माझ्या नशिबी आली." आणि हसत सुटले. खोकला लागेपर्यंत हसले. पाणी मीच दिलं. दुसरीने.

शनिवार, १४ नोव्हेंबर

हे पुन्हा कोर्टात जाऊन आले. आता आम्ही कायद्याने एक आहोत. मी आणि मी.

बुधवार, ९ डिसेंबर

मुलाखत. उत्तम झाली. टेबलापलीकडे तीन प्राध्यापक, तिघंही माझ्या मुलाच्या, श्रीकांतच्या वयाचे. साखरेचं प्रकरण सविस्तर सांगितलं. वीस मिनिटं कोणी मधे बोललं नाही, इतके रंगले होते. एकाने तर डोळे मिटून ऐकलं.

शेवटी विचारलं, मक्तेदारी म्हणजे काय, तुमच्या शब्दांत सांगा. म्हटलं, एकाने ठरवायचं आणि बाकीच्यांनी सामान बांधायचं. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. ही व्याख्या पुस्तकात नसावी. पान १७ पर्यंत तरी नाही.

सोमवार, ४ जानेवारी १९७१

यादी लागली. चाळीस जागा. मी प्रतीक्षा यादीत सहावी. म्हणजे सगळ्या कलकत्त्यात माझ्यापुढे फक्त पंचेचाळीस माणसं. ह्यांना हे पटत नाही. ट्रंका बाहेर काढल्या आहेत, "नुसत्या उन्हात टाकतो" म्हणून.

आणखी एक कागद हवा आहे. मुंबई विद्यापीठाचं मायग्रेशन सर्टिफिकेट. त्याशिवाय दुसरं विद्यापीठ घेत नाही. हाराधनबाबूंना सांगितलं, मी मायग्रेट झालेच नाही. थंडीत अलिपूरच्या झूमधल्या तळ्यावर बदकं येतात, ती मायग्रेट होतात, आणि फाल्गुनात परतही जातात. मी लग्न करून आले. ते म्हणाले, सर्टिफिकेट त्यालाही तेच लागतं.

मुंबईला तीन पानी पत्र टाकलं. प्रतिज्ञापत्राची नक्कल जोडली. ठणकावून लिहिलं, सर्टिफिकेट कालिंदी वागळे ह्या नावानेच, रजिस्टर पोस्टाने, घरच्या पत्त्यावर पाठवावे. तडजोड नाही.

सोमवार, १८ जानेवारी

यादीत चौथी! दोघं परदेशी गेले म्हणे. देव त्यांचं भलं करो.

सोमवार, १ फेब्रुवारी

दुसरी. हे आजकाल यादीबद्दल विचारतात. चेहऱ्यावर काही दिसत नाही. ट्रंका अजून बाल्कनीत. सरलाचं पत्र: आई, हट्ट सोड. पत्राला उत्तर द्यायला वेळ नाही, अभ्यास आहे.

बुधवार, ३ फेब्रुवारी, सकाळी ११

अभ्यासाला बसले आणि दाराची कडी वाजली. निवडणूक तोंडावर, भिंतींवर रोज नव्या घोषणा. हल्ली मी दाराची साखळी काढत नाही. आतूनच विचारलं. बाहेर अनोळखी माणूस. हिंदीत म्हणतो, "कोई राजा... अध्यक्ष हैं यहां?" म्हटलं, इथे कोणी राजा नाही आणि कुठल्याही पक्षाचा अध्यक्ष नाही. म्हणाला, सही लागेल. सही! कसल्या कागदावर घेतील नेम नाही. मी कॉन्व्हेंटच्या आवाजात सांगितलं, निघा. निघाला.

पान १७ पुन्हा पहिल्यापासून.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

कालचा माणूस पुन्हा आला. पुन्हा घालवला. मी एकटी बाई दोन दिवस एका राजकीय पक्षाला दारातून परत पाठवते, आणि ह्यांना वाटतं मला व्यवहार कळत नाही.

शुक्रवार, १२ फेब्रुवारी

मिळाली. जागा मिळाली! हाराधनबाबूंनी स्वतः रजिस्टर माझ्यापुढे केलं. फक्त ते सर्टिफिकेट २० तारखेच्या संध्याकाळी पाचपर्यंत.

घरी येऊन सांगितलं. हे पेपर वाचत होते. पेपर खाली ठेवला, घडी घातली, आणि म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द." बस, एवढंच. मला वाटलं होतं वाद घालतील. उत्तरं तयार होती माझी.

रविवार, १४ फेब्रुवारी

हे मनोहरपुकुरला दोन खोल्या बघून आले. जिना अरुंद आहे, पण खिडकी रस्त्यावर आहे म्हणाले, "तुला ट्राम ऐकू येईल." सरलाला त्यांनीच लिहिलं. पुण्याचा ब्लॉक सोडायला सांगितला. पत्र लिहून झाल्यावर बराच वेळ पेनाचं टोपण शोधत होते. टोपण टेबलावरच होतं.

मला आनंद झाला. झालाच आहे.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

रामधनी, आमचा जुना पोस्टमन, गावाहून परतला. विचारलं, मुंबईचं माझं रजिस्टर पत्र आलं का? म्हणाला, तुमचं नाही आलं मेमसाहेब. ह्या पत्त्यावर दुसऱ्याच कुणाचं आलं होतं, राजाध्यक्ष नावाचं. बदली पोस्टमन दोनदा घेऊन आला. आतून मेमसाहेबांनी हाकललं. शेरा मारून परत मुंबईला गेलं.

मी दारात उभी होते. साखळी हातात होती.

दोष कोणाचा, हे कायद्याच्या विद्यार्थ्याने तटस्थपणे पाहावं. विद्यापीठाने कालिंदी लिहायला हवं होतं. पोस्टमनने नाव सलग उच्चारायला हवं होतं. साखळी फार आखूड आहे.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी चेष्टा केली नाही. हे मला अजिबात आवडलं नाही. बूट चढवले आणि पोस्टात गेले, तिथून जीपीओत. संध्याकाळी परत आले ते घामाने भिजून. मुंबईला तारही केली होती. कंपनीतले शेवटचे दिवस, निरोपाचा चहा होता त्यांचा आज. तिथे गेलेच नाहीत.

शनिवार, २० फेब्रुवारी

तारेचं उत्तर नाही. हाराधनबाबूंनी पाच वाजून वीस मिनिटांपर्यंत रजिस्टर उघडं ठेवलं. मग म्हणाले, "मासिमा, अभिमान करबेन ना." बंगालीत अभिमान म्हणजे आपल्या माणसावरचा रुसवा; तो करू नका, म्हणत होते. मी म्हटलं, करणार. आमचा मराठीतला.

जागा पुढच्या उमेदवाराला गेली. बजबजहून लोकलने येणारी बावीस वर्षांची मुलगी. तिने वाकून नमस्कार केला. तिला सांगितलं, पान १७ कठीण आहे, पुढे सोपं असावं.

रविवार, २१ फेब्रुवारी

सकाळी हे म्हणाले, "तरीही राहू या का? खोल्या अजून रिकाम्या आहेत."

माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. पण अट काय होती? अ‍ॅडमिशन मिळाली तर. मिळाली नाही. अटीबाहेरचं घेणं म्हणजे मेहेरबानी घेणं. तसं स्पष्ट सांगितलं. "कराराची बाई आहेस," म्हणाले. सरलाला तार करायला गेले. जाताना वळून दोनदा पाहिलं. मी पुस्तकातून मान वर केली नाही.

शनिवार, ६ मार्च

सोमवारी निघतो. निवडणुकीच्या आत हावडा गाठलेलं बरं. पुढच्या वर्षी मी नव्याने अर्ज करणार आहे, तेव्हा खालील वस्तू दिलेल्या नाहीत, ठेवायला दिल्या आहेत. गैरसमज नको.

अभ्यासाचं शिसवी टेबल: हाराधनबाबूंकडे. वर गरम कप ठेवू नये. जुलै १९७२ मध्ये परत.

कायद्याचं पुस्तक: बजबजच्या मुलीला. पेन्सिलीच्या खुणा माझ्या आहेत, खोडू नयेत. पहिल्या सतरा पानांवरच आहेत.

पुरणयंत्र आणि मोठी पितळी पातेली: इथल्या मराठी मंडळाला, गणपतीपुरती. नाव कोरलेलं आहे. कालिंदी.

दाराची साखळी: कंपनीची. जिथली तिथे.

ह्यांच्या ऑफिसच्या तीन टाय: रामधनीने मागितल्या, मुलाच्या लग्नासाठी. हे म्हणाले, दे. त्यांच्या वस्तूंना माझी अट लागू नाही.

वेताची खुर्ची: खालच्या दरवानाला. पावती नको, माणूस सरळ आहे.

बाल्कनीतल्या कुंडीतला गवती चहा: बुलूदींना. पाती कात्रीने कापायची, उपटायची नाहीत. आधी पाण्यात पाती उकळायची, मग आलं, दूध शेवटी. त्या नेमकं दूध आधी घालतात, समोर उभं राहून दाखवलं पाहिजे. उद्या सकाळी दाखवते. हा परत मागणार नाही. एकदा त्यांच्या मातीत लागला की तो त्यांचा.