आकाशातले पट्टे

३ मार्च

पट्टे! आकाशात पट्टे!

ऑफिसच्या छोट्या मॉनिटरवर मी नाटकासाठी केलेली संध्याकाळ अगदी मऊ दिसत होती. आज नाट्यगृहात स्क्रीनच्या भिंतीवर लावली, तर निळ्यापासून काळ्यापर्यंत सरळ पट्टेच पट्टे. दिग्दर्शक मागच्या रांगेतून ओरडले, "आकाश आहे की जिना? हिरोने वर चढायचंय का?" सगळे हसले. मी माऊसकडे बघत बसले.

ऑफिसचे मालक म्हणालेत, आकाश जमलं तर नोकरीत कायम करतो. नाही तर घरी. घरी म्हणजे बाबांसमोर! याच नाट्यगृहाचे पडदे बाबा रंगवायचे. स्क्रीन आली, पडदे गेले. आता लोकांची गेटं रंगवतात. मी स्क्रीनवाल्यांकडे लागले त्या दिवसापासून माझ्याशी एक शब्द नाही. "तिला सांग दार लाव" - हे आईला. मी समोर उभी असताना!

४ मार्च

दिवसभर ब्लर, म्हणजे कडा पुसट करत बसणं. ब्लरवर ब्लर. पट्टे नुसते सरकतात, जात नाहीत. गडद निळ्याच्या छटाच मोजक्या आहेत. एवढ्या मोठ्या भिंतीवर पसरल्या की एकेक छटा हातभर रुंद होते. कडा दिसणारच.

मालकांचा भाचा (मी मनात त्याला डिप्लोमा म्हणते) खुर्ची फिरवत बोलला, "नववीत शाळा सोडलीस ना? तेव्हाच रंगही सोडायचे होतेस."

उत्तर सुचलं. घरी पोचल्यावर.

५ मार्च

आईने कपाटावर बाबांचा जुना पडदा टाकलाय, धूळ बसू नये म्हणून. त्यावर संध्याकाळच आहे. एक पट्टा नाही! स्टुलावर चढून नाक लावून बघितलं. ठिपके. बारीक बारीक. दोन रंग भेटतात तिथे याचे त्यात, त्याचे याच्यात.

मग आठवलं. बाबा टूथब्रश रंगात बुडवायचे, अंगठा केसांवरून ओढायचे - फर्रर्र! आई ओरडायची, "माझा ब्रश परत नेलात!" मी डबा धरून उभी. माझ्या नाकावर निळे शिंतोडे.

बाबांना विचारावंसं वाटलं. नाही विचारलं.

६ मार्च

जमलं!!

कॉम्प्युटरला सांगितलं, प्रत्येक ठिपका जरासा उजळ कर नाही तर जरासा गडद. कुठला कसा, काही नियम नको. जवळून धूळ दिसते. लांबून नुसतं आकाश.

तालमीत स्क्रीन लागली आणि कोणी हसलं नाही. दिग्दर्शक म्हणाले, "हं. आता दिवस मावळला." मागे अंधारात कोणीतरी खोकलं, दार वाजलं. मालक म्हणाले, एक तारखेपासून कायम.

आईला सांगितलं, जरा मोठ्याने. बाबा पेपर वाचत राहिले.

८ मार्च

पहिला प्रयोग. पडदा उघडला आणि - जिना.

विंगेतून मान काढून बघितलं, पट्टेच. डिप्लोमा शेजारीच होता. "अगं, मी साफ केलं ना सकाळी. मोठं करून बघितलं तर मुंग्याच मुंग्या! अशी घाण देतात का कोणी?" एका क्लिकमध्ये सगळे ठिपके पुसले. वर माझ्यावर उपकार!

मध्यंतरात दिग्दर्शक भडकले. मालक त्यांना म्हणाले, "पोरगी नवीन आहे, चुकली." डिप्लोमा मोबाइल बघत होता. मला बोलायचं होतं. तोंड उघडलं, आवाज आला नाही. माझं हे नेहमीचंच. शाळेतही असंच व्हायचं, म्हणून तर शाळा सुटली.

९ मार्च

मालक म्हणाले, "उद्यापासून येऊ नकोस."

१० मार्च

दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई दोनदा हाक मारून गेली.

संध्याकाळी बाबा दारात आले. अंगावर गेटाचा रंग तसाच. आईला नाही, मला म्हणाले -

"तालमीला बरोबर होतं. शिंतोडे कुणी पुसले?"