प्रार्थनेचा उत्तरार्ध

सौ. तेरेजा हिस,

प्रस्तुत चिठ्ठीद्वारे माझी अनुपस्थिती व एक खेद निवेदन करीत आहे. आज मी लाकूड डेपोवर मुक्कामी राहीन. भात झाकून ठेवलेला आहे, कृपया जेवावे.

जपमाळेत 'नमो मरिये' ह्या प्रार्थनेचा पूर्वार्ध मी म्हणावयाचा व उत्तरार्ध तू आणि आपली लेक मोनिका हिने, अशी आपल्या घरची रीत होती. मोनिका तापाने गेली, आणि तूही उत्तरार्ध म्हणणे सोडलेस. काल विनविले तेव्हा म्हणालीस, "तिच्यासाठी मी एवढी मागत होती, तवा मले कोनं उत्तर देल्लं?"

आज सायंकाळी डेपोवर मी पूर्वार्ध म्हणून थांबेन. इकडे तू उत्तरार्ध म्हणशील, ही आशा मला उरलेली नाही. तथापि थांबल्यावाचून मला पुढचे म्हणता येत नाही.

वाचलेस, त्याबद्दल आभारी आहे.

तुझा नम्र,
लाजर